कोळशाच्या विस्तवापाशी

(नागपूर येथे उपवासकाळात झालेल्या कीर्तनाची ध्वनिफितीवरून उतरवलेली संहिता)

आयाबाया, भाऊबंद, लेकरं, आणि मागे दाराशी उभे आहेत ते पाहुणे, या, पुढे या. सतरंजीवर जागा आहे. कोणत्या मंडळीचे, कोणत्या धर्माचे, ते इथे कोणी विचारत नाही. कीर्तनाला बसला तो श्रोता.

पेटी जरा काळी दोनमध्ये घ्या भाऊ, उन्हाने माझा गळा बसला आहे. मार्च संपला नाही तर नागपूरनं हे रूप दाखवलं, मेमध्ये काय होणार बाप्पा!

(नमन व भजन. सर्वांनी उभे राहून प्रार्थना केली.)

मागच्या साली असंच कीर्तन झालं. संपल्यावर एक बाई माझ्याकडे आल्या. सेमिनरी हिल्सवर लूर्द मातेच्या गुहेपाशी मेणबत्ती लावून थेट इकडे आल्या होत्या, पायात चप्पल नव्हती. मला म्हणाल्या, "बुवा, तुम्ही हुतात्म्यांचं सांगितलं, फार चांगलं सांगितलं. कोणी तलवार घेऊन आला आणि म्हणाला, ख्रिस्ताला सोड, तर मी सोडणार नाही, एवढं मला वाटते. पण माझ्याकडे तलवारवाला कोणी येतच नाही जी. माझ्याकडे दूधवाला येते, सासू येते, घरमालक येते. तिथं मी रोज पडते. त्याचं सांगा ना कधी."

मी वर्षभर त्या बाईचा प्रश्न खिशात घेऊन हिंडतो आहे. आज त्या आल्या आहेत की नाही, मला दिसत नाही. पण आजचं निरूपण त्यांचं आहे.

आता पेत्राकडे चला. पेत्र म्हणजे कोण? बारा शिष्यांत सगळ्यात मोठा आवाज. प्रभू म्हणाले, आज रात्री तुम्ही सगळे मला सोडाल. पेत्र उठला. बाकीचे सोडतील, मी नाही सोडणार! तुरुंगात येईन, मरायला येईन. आणि ऐका, तो खोटं बोलत नव्हता. बागेत शिपाई आले तेव्हा याच पेत्रानं तलवार उपसली, मुख्य याजकाच्या चाकराचा कान उडवला. समोर हत्यारबंद टोळी, हा एकटा, तरी मागे सरला नाही. तलवारीच्या परीक्षेत पेत्र पास झाला, हे आपण विसरतो.

मग पडला कुठं?

थंडी होती. मुख्य याजकाच्या अंगणात चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला होता आणि शेकत उभे होते. पेत्रही जाऊन हात शेकू लागला. त्यात पाप नाही, थंडी वाजते माणसाला. डिसेंबरात आपण बर्डीच्या कोपऱ्यावर शेकोटीला उभे राहतोच की. तिथं एक पोरगी होती, दार राखणारी दासी. तिच्या हातात ना तलवार, ना हुकूम. तिनं सहज विचारलं, तू पण त्या माणसाबरोबरचाच ना? आणि हा पहाड, हा खडक, त्या पोरीपुढं म्हणाला, मी नाही. मग दुसऱ्यांदा. मग कोणी म्हणालं, तुझी बोलीच सांगते तू गालीलचा आहेस. जसं आपण पुण्याला जाऊन "काहून" म्हटलं की दुकानदार हसून विचारतो, विदर्भातले का? तसं. तेव्हा पेत्र शपथा वाहू लागला. आणि कोंबडा आरवला.

पाहा, राजवाडा आत होता. मोठी चौकशी आत चालली होती, तिथं प्रभू एकटे उभे होते. पेत्राला आत कोणी बोलावलंच नाही. त्याची परीक्षा बाहेर झाली, शेकताना, गप्पांच्या ओघात. त्या बाईंचा दूधवाला तिथंच येतो.

आता मी माझं सांगतो. कीर्तनकारानं दुसऱ्याचंच सांगावं असा रिवाज आहे, पण आज रिवाज मोडतो.

मी एका कार्यालयात स्टोअरकीपर होतो. कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथं चांगली माणसंही होती. दरवर्षी मार्चमध्ये कूलरला नवी खस लागायची. नागपूरची नोकरी म्हणजे हे आलंच. एका साली बिल आलं साठ कूलरचं. खस बदलली होती बेचाळीस कूलरची. मी स्वतः मोजली होती. वरच्या माणसाने टपरीवर चहा पिता पिता म्हटलं, "साठची नोंद घ्या भाऊ. सगळीकडे असंच राहते." रागावला नाही, धमकी दिली नाही. बिस्किटाचा पुडा पुढे केला. मी एक बिस्कीट घेतलं. परत आलो आणि रजिस्टरात साठ लिहिलं, खाली सही केली. चार दिवसांनी टेबलाच्या खणात एक पाकीट आलं.

तो गुरुवार होता, वधस्तंभाच्या शुक्रवारच्या आदला. आणि मंडळीत वाचनाची पाळी लावतात ना, तशी शुक्रवारी माझी पाळी. उतारा कोणता, तर हाच. पेत्राचा नकार.

मी वेदीजवळ उभा राहून वाचलं. तीनदा नाही म्हटलं तिथपर्यंत वाचलं. कोंबड्यापाशी आलो आणि आवाज निघेना. लोकांना वाटलं, वाचकाला भरून आलं. पाळकसाहेबांनी नंतर माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, फार मनापासून वाचलंत. लूक सांगतो की त्या वेळी प्रभूंनी वळून पेत्राकडे पाहिलं. मला तेव्हा कोणी पाहिलं तर बरं झालं असतं. सगळे शाबासकीच देत होते.

घरी येऊन पाकीट बायकोच्या हाती दिलं. तिनं विचारलं, "हे काय आहे जी?" मी सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. पाकीट उघडलंसुद्धा नाही. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर कणकेच्या डब्यामागं ठेवलं आणि म्हणाली, "हे मी कणकेत मिसळणार नाही." बस. त्या विषयावर ती वर्षभर पुन्हा एक शब्द बोलली नाही. रोज सकाळी पोळ्या करायला डबा काढायची, पाकीट सरकवायची, डबा ठेवायची, पाकीट परत सरकवायची. मी चहा पीत ते पाहायचो. श्रोतेहो, माझा कोंबडा वर्षभर आरवत होता.

पुढच्या मार्चमध्ये पुन्हा बिल आलं. त्या वेळी काय झालं, ते शेवटाकडे सांगतो. तोवर आख्यान लावू या. पेटी द्या.

(भजन)

आख्यान आपल्याच गावचं आहे. साल १८९३. नागपूरच्या स्टेशनावरून राजनांदगावकडे एक गाडी निघाली. एका डब्यात एक तरुण मराठी ब्राह्मण बसला होता. नाव नारायण वामन टिळक. कोकणात करजगावी १८६१ साली जन्मलेला, संस्कृतचा गाढा अभ्यासी, कवी. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने जुन्या संस्कृत ग्रंथांचं काम केलेलं, आता राजनांदगाव संस्थानात नोकरी. त्याच डब्यात एक गोरा माणूस होता. त्या काळी गोरा साहेब डब्यात असला की देशी माणसानं अंग चोरून बसावं, हाकलून दिलं तरी ऐकून घ्यावं, अशी रीत. या साहेबानं जागा करून दिली. आदरानं बोलला. बोलणं संस्कृत कवितेवर गेलं, तिथून धर्मावर. उतरायची वेळ आली तेव्हा त्यानं टिळकांच्या हातात नवा करार ठेवला, वाचायचं वचन घेतलं, आणि म्हणाला की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल.

टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटलं. पुस्तकाची काही ओढ नव्हती. पण वचन दिलं होतं. रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी माणसाला दिलेलं वचन, जो पुन्हा कधी भेटणार नाही, विचारणार नाही, वाचलं का म्हणून! आपण अशी किती वचनं देतो? "नक्की येतो," "फोन करतो," "प्रार्थना करीन तुमच्यासाठी." हो, प्रार्थनेचं वचन तर आपण रामरामासारखं वाटतो. टिळकांनी ते वचन पाळलं. पेन्सिल घेऊन, खुणा करत वाचायला बसले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाला, डोंगरावरच्या प्रवचनाला आले, आणि तिथून पुढं पुस्तक त्यांना सोडेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षं धरा.

टिळकांचं पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आज मी इथं झांज-पेटी घेऊन ख्रिस्ताचं कीर्तन करतो, त्या वाटेवर त्यांनी पाऊल टाकलं म्हणून. अभंग, भजन, कीर्तन आमच्या मंडळीत मानानं बसवण्याचं मोठं काम त्यांचं. पण मला आज त्या दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवायचं आहे. तो कोण होता? टिळकांना त्याचं नाव माहीत नव्हतं. कुठं उतरला, कुठं गेला, पत्ता नाही. त्या दिवशी त्यानं केलं काय? जागा दिली. समोरच्याचं ऐकून घेतलं. आधी त्याच्या आवडीच्या कवितेवर बोलला, मग आपल्या देवाबद्दल. पिशवीतलं एक पुस्तक दिलं. प्रवासात हेच सगळं आपल्याला करता येतं, आणि आपण काय करतो? सीटवरून भांडतो. खिडकीपाशी रुमाल टाकतो. मी पण टाकलेला आहे.

आता लक्ष्मीबाईंकडे या. तुम्हाला टिळक थोर वाटतात, मलाही वाटतात, पण खरं बोलू का? टिळकांबरोबर संसार करणं कठीण होतं. हातात पैसा आला की कोणा गरजवंताच्या हाती जायचा. मनात आलं की उठून निघायचे. चूल कशी पेटते, याची चिंता लक्ष्मीबाईंची. देवासाठी सगळं सोडणारा पुरुष दिसतो, त्याचा फोटो भिंतीवर लागतो. त्यानं सोडलेलं सगळं कोणी सांभाळलं, हे आपण विचारत नाही. लक्ष्मीबाईंनी "स्मृतिचित्रे" लिहिली म्हणून आपल्याला कळलं तरी. किती जणींनी लिहिलं नाही.

त्या १८६८ साली जन्मल्या, नाशिकजवळ जलालपूरच्या. वडिलांच्या घरी सोवळं इतकं कडक की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अकराव्या वर्षी लग्न. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या माहेरच्या माणसांत होत्या, पदरी लहान मुलगा. तो घाव फार मोठा होता. चार वर्षांहून अधिक काळ त्या टिळकांपासून वेगळ्या राहिल्या, काही काळ पंढरपुरात बहिणीकडे. पुढं नवऱ्याजवळ नगरला आल्या, तरी चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं तसंच. टिळकांनी बळजबरी केली नाही, हेही सांगितलं पाहिजे. आणि मग एके दिवशी एकटीच विचार करताना त्यांच्या मनात आलं, ही जात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती तर पशुपक्ष्यांत जसा फरक दिसतो तसा माणसामाणसांत दिसला असता. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, आजपासून कोणाच्याही हातचं खाईन, पिईन. अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही! तो पुढं १९०० साली. आधी पाण्याचा तांब्या बदलला, मग नाव बदललं.

इथं मला जरा थांबायचं आहे, पेटी नको. आपण सगळे बाप्तिस्मा घेतलेले. आपल्यात किती जण अजून लग्न जुळवताना हळूच विचारतात, "मूळचे कोण जी ते?" प्रभुभोजनाच्या पेल्याला सगळ्यांचे ओठ लागतात आणि सोयरिकीला पुन्हा तेच. राग आला असेल कोणाला तर येऊ द्या. माझ्या घरातही हा प्रश्न विचारला गेला आहे, थोरल्या मुलीच्या वेळी, आणि विचारणारा मीच होतो. मुलीनं फक्त माझ्याकडे पाहिलं. माझ्या घरात बायका कमी बोलतात आणि पाहतात फार.

पुढं नगरला प्लेग आला तेव्हा ह्याच सोवळ्यातल्या लक्ष्मीबाई आजाऱ्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. टिळक १९१९ साली प्रभूकडे गेले. "ख्रिस्तायन" हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ज्या बाईला नवऱ्यानं घरात अक्षरं शिकवली, तिनं ते पुरं केलं. वर्षानुवर्षं, घरकाम सांभाळत. १९३६ साली त्याही गेल्या.

आणखी एक, थोडक्यात. हिस्लॉप कॉलेजवरून तुम्ही जाता-येता. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ साली नागपुरात आले, तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. शाळा काढली. दगड, जीवाश्म, आदिवासींच्या बोली, सगळ्याचा अभ्यास केला. ४ सप्टेंबर १८६३ला ते चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटला जुनी दगडी वर्तुळं पाहायला गेले होते. परतताना साहेब लोक पुढं निघाले. हिस्लॉप मागं थांबले. कशासाठी? वाटेवरच्या एका गावातल्या शाळेची तपासणी राहिली होती. पावसाळ्याचे दिवस, अंधार पडला, नाल्याला पूर. घोडा एकटाच पोचला. हिस्लॉप बुडाले. वय छेचाळीसच्या आत.

कमिशनरसाहेबांबरोबर पुढं गेले असते तर कोणी दोष दिला नसता. खेड्यातली शाळा, चार पोरं, उद्या तपासली असती. मी स्टोअरकीपर होतो, मला विचारा, तपासणी न करता "तपासले" असं लिहायला किती वेळ लागतो.

तर माझी गोष्ट अर्धी राहिली आहे.

पुढच्या मार्चला बिल आलं, पुन्हा साठचं. मी रात्री जेवलो नाही. बायकोनं ताट झाकून ठेवलं. सकाळी तिनं कणकेचा डबा काढला, आणि मी उठून पहिल्यांदा स्वतः ते पाकीट उचललं. त्याच्यावर पिठाचा थर बसला होता. कार्यालयात गेलो, कूलर मोजले, त्रेचाळीस निघाले, रजिस्टरात त्रेचाळीस लिहिलं. पाकीट ज्याचं त्याला दिलं. तो हसला. "काहून टेन्शन घेता भाऊ?" म्हणाला. आणि मागच्या सालची साठची नोंद चुकीची होती, असं मी माझ्या सहीनं लिहून दिलं.

आता तुम्हाला वाटेल, देवानं आशीर्वाद दिला, बढती मिळाली. तसं झालं नाही. जूनमध्ये माझी बदली झाली गडचिरोली जिल्ह्यात. तीन वर्षं. धाकटी बारावीला, आई अंथरुणावर. शनिवारी रात्रीच्या बसनं यायचं, रविवारची उपासना, सोमवारी पहाटे परत. दुसऱ्या मेमध्ये आई गेली. सकाळी निरोप मिळाला, मी दुपारी पोचलो. बायकोनं तिचे डोळे मिटले होते. आणि खस? ती दरवर्षी साठच कूलरला लागत राहिली असं ऐकतो.

मी देवाशी भांडलो. बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून. मी खरं लिहिलं आणि मला हे? उत्तर आलं नाही. आजपर्यंत आलेलं नाही, आणि या आसनावर उभं राहून मी खोटं उत्तर देणार नाही. एवढं सांगतो की त्या तीन वर्षांत त्या बसच्या प्रवासात मी जितकी प्रार्थना केली, तितकी आधीच्या वीस वर्षांत केली नव्हती. बायको म्हणते, "तुम्ही तेव्हा बरे होता, आता पुन्हा आळशी झालात." खरं आहे.

पेत्राचं राहिलं. शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो, योहानानं दोन्हीकडे तो मुद्दाम सांगितला आहे. एक त्या अंगणातला. दुसरा प्रभू पुन्हा उठल्यावर, तिबिर्याच्या समुद्राच्या काठी, पहाटे. शिष्य रात्रभर मासे धरून थकलेले, रिकामे. काठावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, बाजूला भाकर. प्रभूंनी स्वतः न्याहारी केली होती. पेत्र पाण्यात उडी टाकून आला, आणि विस्तव पाहिला. तोच वास. तोच धूर. काय झालं असेल त्याच्या पोटात! प्रभूंनी आधी विचारलं नाही की तू नाही का म्हणालास. आधी म्हणाले, या, जेवा. जेवण झाल्यावर तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस? तीन वेळा नाही म्हटलं होतं, तीन वेळा हो म्हणायची जागा करून दिली. आणि काम काय दिलं? सिंहासन नाही, तलवार नाही. मेंढरं चार. रोज उठून चारायची असतात ती. एक दिवस चारली नाही तर उपाशी राहतात.

तर बाई, तुम्ही आला असाल तर, दूधवाला उद्या सकाळी येईलच.

आता सगळ्यांनी डोळे मिटा. दोन मिनिटं पेटी नाही, टाळ नाही. तुमच्या कणकेच्या डब्यामागं काय ठेवलं आहे, ते तुम्हाला माहीत आहे आणि त्याला माहीत आहे. माझ्याशी बोलू नका, त्याच्याशी बोला.

(दोन मिनिटे शांतता.)

प्रभू, हे सगळे थकून आले आहेत. कोणी दुकान बंद करून आलं, कोणी लेकरू शेजारणीकडे ठेवून आलं. तू विस्तव पेटवून ठेवला आहेस. आम्हाला जवळ बसू दे. आमेन.

उठा आता. आरतीला उभे राहा. बाहेर चहा आणि चिवडा ठेवला आहे, म्हाताऱ्या माणसांना आधी द्या. आणि ज्यांनी सतरंज्या आणल्या आहेत त्यांनी झाडून, घडी घालून परत पोचवा, मागच्या वेळी दोन राहून गेल्या होत्या.

(आरती व जयघोष)